ग्रानची वही

फ्युनरल होमला, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेला, ग्रानविषयी एक पान मजकूर हवा होता, तोही दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत. चर्चमध्ये वाटायची पुस्तिका छापायला जाणार होती. वर फोटो, आत प्रार्थना आणि गीतं, शेवटच्या पानावर जीवनपरिचय. रात्री साडेदहाला ग्रानची नात लॅपटॉप घेऊन जिना चढून वर आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. "तांत, मला पहिलंच वाक्य सुचत नाहीये. ती जन्मली कधी, हेच आम्हाला नक्की माहीत नाही."

तांत म्हणजे मावशी, काकू, आत्या, सगळंच. ग्रान म्हणजे आजी. हैतीच्या क्रेयॉल भाषेतले हे शब्द गेली पंधरा वर्षं आमच्या घरात इतके रुळलेत की माझी लेक सांगलीच्या आजीला ‘आजी’ आणि खालच्या आजीला ‘ग्रान’ म्हणतच मोठी झाली. ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात, नॉस्ट्रँड अव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत ग्रानचं दुमजली लाकडी घर आहे. २००९च्या ऑगस्टमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. या भागाला २०१८पासून ‘लिटल हैती’ असं रीतसर नाव मिळालं आहे. २०२१मध्ये न्यूकर्क अव्हेन्यूच्या सबवे स्टेशनच्या नावातही ते जोडलं गेलं, त्या आठवड्यात ग्रान गुडघे दुखत असताना मुद्दाम चालत पाटी बघायला गेली होती.

९ मार्च २०२४ला, शनिवारी पहाटे, ती गेली. तिच्याच पलंगावर, झोपेत.

जन्मतारखेचा घोळ असा, की पासपोर्टवर १९४४ आणि चर्चच्या बातिस्तेवर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, १९४२. शेवटी हैतीत लेओगानच्या वरच्या डोंगरात राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला. रेंज येत-जात होती. बहीण म्हणाली, "हेझल आलं तेव्हा ती बारा वर्षांची. मी लहान. मला खांद्यावर घेऊन ती टेकडी चढली." हेझल हे चक्रीवादळ, ऑक्टोबर १९५४चं. माझी आजीही असाच हिशेब करायची. कोण कोयनेच्या भूकंपाच्या साली जन्मलं, कुणाचं लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालं. मी कागदावर वजाबाकी केली आणि १९४२ लिहिलं. ते पहिलं वाक्य.

पुढचं मात्र एका रात्रीत होण्यासारखं नव्हतं. नातीने फ्युनरल होमला फोन करून मुदत वाढवून घेतली, कारण दफन अजून तेरा दिवस दूर होतं. खरं तर ग्रानला लेओगानच्या मातीत, आईशेजारी, जायचं होतं. पण मार्चच्या सुरुवातीला पोर्ट-ओ-प्रिन्सवर टोळ्यांनी असा कब्जा केला की विमानतळच बंद पडला. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा, मार्तिसां वस्तीतला रस्ता तर २०२१पासूनच टोळ्यांच्या हातात आहे. पार्थिव तिकडे नेता येईना आणि बहिणीला इकडे येता येईना. ग्रानचा थोरला मुलगा दोन दिवस फोनवर फोन करत होता. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "इथेच." एवढंच बोलून तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

दफन होईपर्यंत रोज संध्याकाळी माणसं जमतात, त्याला वेये म्हणतात. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. इथेही बायका हातात झाकलेली भांडी घेऊन येत होत्या. काळ्या जॉनजॉन अळंब्यांच्या पाण्यात शिजवलेला भात, तळलेली चपटी केळी, कोबी-गाजराचं झणझणीत पिक्लीज. मोठ्या किटलीत आल्याचा चहा आणि कडक गोड कॉफी. पुरुष पुढच्या खोलीत डॉमिनो खेळत. पहिल्या संध्याकाळी टेबलावर सोंगट्या आपटल्याचा आवाज ऐकून मी दचकले होते. मग ग्रानच्या एका मैत्रिणीने समजावलं की घर गप्प ठेवायचं नसतं, मेलेल्या माणसाला एकटं वाटतं. मला ते पटलं. नात आणि मी वही-पेन घेऊन कोपऱ्यात बसायचो आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचो, तुमची ग्रानशी ओळख कशी झाली?

त्यातून हळूहळू जे उभं राहिलं ते असं. शाळा तीन वर्षं, तीही फ्रेंचमधून. घरी, शेतात, बाजारात सगळे क्रेयॉल बोलायचे आणि शाळेत क्रेयॉल बोललं की छडी. क्रेयॉल फ्रेंचच्या जोडीने देशाची अधिकृत भाषा झाली ती १९८७च्या घटनेने, तेव्हा ग्रान पंचेचाळीस वर्षांची होती आणि इथे होती. नवरा उसाच्या मळ्यात मजूर होता, लवकर गेला. १९७६मध्ये तीन मुलं आईकडे ठेवून ती न्यूयॉर्कला आली. तिकिटासाठी तिच्या आईने तीन डुकरं विकली.

डुकरं हे मला नीट कळायला वेळ लागला. हैतीचं काळं गावठी डुक्कर, कोशों क्रेयॉल, काहीही खाऊन जगायचं आणि शेतकऱ्याची बँक तेच असायची. मुलाची फी आली, कुणी आजारी पडलं, मयत झाली, की एक डुक्कर विकायचं. आपल्याकडे शेळ्या विकतात तसं. १९७८-७९च्या सुमारास आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि अमेरिकेच्या पैशावर देशातली झाडून सगळी गावठी डुकरं मारण्याची मोहीम निघाली, ती १९८३पर्यंत चालली. बदली म्हणून अमेरिकेतल्या आयोवातून गोरी डुकरं आणली. त्यांना स्वच्छ पाणी लागे, विकतचं खाद्य लागे, डोक्यावर छप्पर लागे. लोक त्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ म्हणत.

ही हकिगत आम्हाला एका कॅसेटवर ऐकू आली. त्या काळी लिहिता-वाचता न येणारी हैतीची माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती ती गावी जाई आणि उत्तराची कॅसेट परत येई. ग्रानच्या कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीसेक होत्या. तळघरात राहणाऱ्या तिच्या भाच्याने कुठून तरी चालू टेपरेकॉर्डर पैदा केला. एका टेपवर कोंबडा आरवतो, मग ग्रानच्या आईचा आवाज येतो. सरकारी माणसं आली, चारही नेली, आता घरात विकण्यासारखं काही नाही, असं ती सांगते. मग थोडा वेळ नुसता वारा. मग ती म्हणते, "मुलं इथे आहेत, बोला रे." आणि एक तेरा-चौदा वर्षांचा आवाज एका दमात म्हणतो, "मांमां, माझे बूट लहान झाले." तो आवाज म्हणजे ग्रानचा थोरला मुलगा, आज छप्पन्न वर्षांचा. तो दारात उभा राहून ऐकत होता. टेप संपून खटका पडला तरी कुणी हललं नाही.

मुलं इथे आली १९८४मध्ये. आठ वर्षं तिने त्यांना पाहिलं नव्हतं. आधी मॅनहॅटनमधल्या एका घरी राहून घरकाम, मग नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, रात्रपाळी, ती बावीस वर्षं. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं. माझ्या लेकीला सर्दी झाली की ती एरंडेल कोमट करून छातीला आणि तळपायांना चोळायची, तेव्हा मी तिचे हात बघत बसायचे. बोटं जाड, नखं अगदी बारीक कापलेली, आणि जोर नेमका हवा तेवढाच. एरंडेल! लहानपणी ज्याच्या नुसत्या वासाने मी पळायचे, ते हैतीत लुइल मासक्रिती या नावाने घरोघरी असतं आणि काळंभोर असतं, बिया भाजून काढलेलं.

एक फोटो सापडला, त्यावर मागे तारीख होती २० एप्रिल १९९०. ब्रुकलिन ब्रिजवर माणसांचा समुद्र, आणि मध्ये पांढऱ्या कामाच्या गणवेशात ग्रान. एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी आरोग्य खात्याने हैतीच्या लोकांना सरसकट धोक्याचा गट ठरवलं होतं. १९९०च्या फेब्रुवारीत तर त्यांचं रक्तच घ्यायचं नाही अशी शिफारस आली. त्याविरुद्ध त्या दिवशी हजारोंनी पूल ओलांडला, आणि वर्षअखेरीस ती शिफारस मागे घ्यावी लागली. तिची जुनी सहकारी म्हणाली, "रात्रपाळी संपवून आम्ही थेट तिथे गेलो. घरी जाऊन कपडे बदलायचे का, म्हटलं, तर म्हणाली, नको, गणवेशातच बघू देत. यांच्या आईबापांना पुसणारे हात आपले आहेत."

हे वाक्य पुस्तिकेत घ्यायचंच, असं मी हट्टाने सांगितलं. ते घेतलं.

आता वहीविषयी. वही एक नव्हे, नऊ होत्या. शाळेत मिळतात तशा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पुठ्ठ्याच्या. ग्रान सॉल चालवायची. सॉल म्हणजे भिशी, दुसरा शब्दच नको. सांगलीत आमच्या गल्लीत आजी चालवायची तश्शीच. बारा माणसं, दर पंधरवड्याला प्रत्येकी दोनशे डॉलर, आणि दर खेपेला एकाला सगळे चोवीसशे. व्याज नाही, कागद नाही. पाळीला ‘में’ म्हणतात, म्हणजे हात. ‘माझा हात पुढच्या महिन्यात आहे’ असं बोलतात. आमच्या भिशीत चिठ्ठ्या टाकत, इथे मात्र कुणाचा हात कधी हे चालवणारी बाई ठरवते. तिला मांमां सॉल म्हणतात, सॉलची आई. सर्वात नडलेल्याला पहिला हात. मांमां सॉल स्वतः बहुधा शेवटी.

ग्रान त्या वह्या जशा कानाला ऐकू येईल तशा क्रेयॉलमध्ये लिहायची. डावीकडे नाव, मग बारा चौकटी, भरलेल्या हप्त्याला एक तिरकी रेघ, आणि उजवीकडे एकच शब्द, पैसे कशासाठी ते. तिकीट. शाळा. घर. वकील. दफन. बाळंतपण. पुन्हा तिकीट. १९८०पासून २०२४पर्यंत. नात आणि मी दोन रात्री बसून तो उजवा रकाना मोजला. दीडशेच्या वर तिकिटं निघाली. तिचे स्वतःचे हातही दिसत होते, ‘मुलं’ १९८४, ‘घर’ १९९३. नात म्हणाली, "तांत, जीवनपरिचय हाच आहे. आपण नवीन काय लिहितोय?"

मी पानं उलटत होते ते एका कारणाने. मीही त्या सॉलमध्ये होते, २०१२पासून. २०१४च्या मार्चमध्ये सांगलीला आईला अर्धांगाचा झटका आला. त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली होती. मी खाली जाऊन ग्रानला नुसतं सांगितलं. मागितलं नव्हतं. तिने दोन दिवसांनी पाकीट आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तुझा हात आधी आलाय, पितित म्वें." पितित म्वें, माझ्या लेकरा. मी समजले पहिली पाळी रिकामीच होती. दहा वर्षांनी ते पान पाहिलं. पहिल्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं, पुढे शब्द ‘दात’. त्यावर एक सरळ रेघ, आणि वर बारीक अक्षरात: ‘दाम आंवो — मांमां’. वरची बाई, आई. त्या वर्षभर ती भाकरीसारखा कडक पाव कॉफीत बुडवून खायची, मला वाटायचं तिला तसाच आवडतो.

मी नातीला ते दाखवलं आणि मग आम्ही त्या रात्री काम थांबवलं.

दफन शुक्रवारी २२ मार्चला झालं. चर्चमध्ये क्रेयॉलमधून मिस्सा, गीतांना चर्च थरथरत होतं. बहीण व्हॉट्सअ‍ॅपवर होती, भाच्याने फोन उंच धरून ठेवला होता आणि हात बदलत होता. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तारखा मोजक्याच होत्या. त्याखाली आम्ही वहीतल्या उजव्या रकान्यातले शब्द छापले, कुणाचंही नाव न घालता, एकाखाली एक. मागच्या बाकांवर लोक बोट ठेवून आपापला शब्द शोधत होते. एका वयस्क माणसाने शेजाऱ्याला ‘वकील’वर बोट ठेवून दाखवलं, "हा मी."

दफनानंतर नऊ संध्याकाळी रोझरी म्हणतात. या घरात शेवटची संध्याकाळ ३१ मार्चला आली, म्हणजे नेमकी ईस्टरला. मी नऊही दिवस खाली गेले. मला त्या प्रार्थना येत नाहीत, पण बसायला कुणी हरकत घेतली नाही, आणि बसण्याचं कारण माझ्यापाशी होतं. २०११च्या नोव्हेंबरात माझी आजी गेली तेव्हा आमची कागदपत्रं अडकलेली होती, देश सोडून जाता आलं नाही. तिकडे दहावा झाला, पिंडाला कावळा शिवला, हे सगळं मी फोनवर ऐकलं. त्या पहिल्या संध्याकाळी ग्रान वर आली. एका हातात पांढरी मेणबत्ती, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. आजीचा फोटो आहे का विचारलं, खिडकीत ठेवला, मेणबत्ती लावली, आणि माझ्या शेजारी अर्धा तास ओठांतल्या ओठांत काही म्हणत बसली. नऊ संध्याकाळी आली. नवव्या दिवशी पांढरी साडी नेस म्हणाली, तुमच्यात चालतं ना, असंही विचारलं. आता तिच्या नवव्या संध्याकाळी, देन्ये प्रियेला, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला, मी तीच पांढरी साडी नेसून जिना उतरले. बायका पांढऱ्या कपड्यांत होत्याच. कॉफी आली तेव्हा तिच्या मैत्रिणीने पहिले तीन थेंब जमिनीवर सोडले, मगच पेला तोंडाला लावला. मला ताटाभोवती चित्राहुती घालणारे आजोबा आठवले.

सॉल मात्र मधेच होतं. ग्रान गेली तेव्हा चार हात उरले होते, आणि शेवटचा तिचाच. वहीत तिच्या नावापुढे शब्द होता ‘तोल’. छपराचे पत्रे.

हे पत्रे कसले, ते मला ठाऊक होतं. १२ जानेवारी २०१०, मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. मी खाली लेकीला घ्यायला गेले तेव्हा टीव्हीवर पहिली बातमी आली. सातचा भूकंप, केंद्र लेओगानजवळ. ग्रानने ड्रॉवरमधून फोनची कार्डं काढली, नाण्याने खरवडून एकामागून एक आकडे लावत राहिली. लागला नाही. रात्रभर लागला नाही. टेबलावर खरवडलेल्या कार्डांची राखाडी भुकटी साचली होती आणि ती हाताने एका बाजूला सारत पुन्हा लावत होती. चौथ्या दिवशी बहीण सापडली. बहिणीचा थोरला मुलगा सिमेंटच्या स्लॅबखाली गेला होता. धाकटा पुढे इथे आला, तोच तळघरातला भाचा. तेव्हापासून बहीण ताडपत्री आणि जुन्या पत्र्यांखाली राहत होती, स्लॅब घालू देत नव्हती. ग्रान म्हणायची, मी तिला चांगले नवे पत्रे घालून देईन, जाड, गंज न धरणारे.

सॉल मोडावं असं कुणीच म्हणालं नाही. अकरा जणांनी दर पंधरवड्याला आपापले दोनशे खाली आणून दिले आणि ग्रानचा हप्ता नातीने भरला. पाकिटं तीच घ्यायची, रेघ तीच मारायची. मेच्या सुरुवातीला शेवटचा हात पूर्ण झाला. भाच्याने पैसे लेओगानला पाठवले. पत्रे बाजारातून डोंगरावर जायला आणखी बरेच आठवडे गेले, पावसाने वाट धुऊन नेली होती, शेवटी मोटारसायकलवर बांधून चार खेपांत नेले.

जुलैत एका रविवारी सकाळी नात फोन घेऊन वर आली. फोटोत नवे पत्रे उन्हात इतके चमकत होते की बहिणीचा चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त कपाळावर धरलेला हात दिसत होता. नातीने काखेतली वही माझ्या टेबलावर उघडली, ‘तोल’पुढे तिरकी रेघ मारली, आणि मला पेन देत म्हणाली, "तांत, नवीन सॉल सुरू करतेय. तुझा हात कितवा लिहू?"

"शेवटून दुसरा," मी म्हटलं.

"शेवटचा कुणाचा?"

"मांमां सॉलचा," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि तळाच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.